हवामानाच्या कायद्यात शेतकरी नेमका कुठे बसतो? (गावी कार्बन क्रेडिटचा करार आला आहे)

कळवेकर

राहतो कळव्याला, गाव मुरबाड तालुक्यात. तिकडे काका शेती बघतात. साडेचार एकर भात, त्याच्या वर थोडी वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), तिच्यावर ऐन, मोह, थोडा साग आणि आजोबांच्या हातचे दोन आंबे. गेल्या महिन्यात एका कंपनीची माणसं गावात आली. देवळासमोर मांडव, चहा-वडे, पडद्यावर चित्रं. भाताची पद्धत बदला, बांधावर झाडं लावा, जो कार्बन वाचेल-साठेल तो आम्ही बाजारात विकू आणि पैसे तुमच्या खात्यात टाकू, असं एकंदर सांगणं. करार पंचवीस वर्षांचा, इंग्रजीत. काकांनी पानापानाचे फोटो काढून मला पाठवले आणि खाली लिहिलं, "वाच आणि सांग, यात मेख कुठे आहे."

वाचताना मला कंपनीपेक्षा सरकारचंच कोडं पडलं. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आली. तिच्यात सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा कारखान्यांना उत्सर्जनाचं लक्ष्य ठरवून दिलं जातं. शेतीला असं लक्ष्य नाही. पण शेतीतून आणि झाडांतून क्रेडिट (वाचवलेल्या एका टनाची विकता येणारी पावती) तयार करून विकायची वाट मात्र मोकळी ठेवली आहे. म्हणजे शेतकरी देणेकरी नाही, विक्रेता. ऐकायला छान. मग भातखाचरातला मिथेन कोणाच्या खात्यावर? आणि जंगल तर आपल्या पॅरिस कराराच्या वचनातच आहे: २०३० पर्यंत झाडोऱ्यातून जादा २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा. हे वचन पुरं होणार कोणाच्या जमिनीवर?

माझं मत: शेती आणि जंगल कायद्यात सरळ नावानिशी यायला हवीत, हक्क आणि जबाबदारी दोन्ही घेऊन. बोला.

चहाटळ

पहिला! वडे कसे होते ते सांगा, कंपनीची पत त्यावरून कळते.

मुलुंडचा_पाहुणा

शेतीवर हवामानाची जबाबदारी टाका असं म्हणणाऱ्याने आधी हे गावच्या पारावर बसून म्हणावं. मी लांबून व्हिडिओ काढतो.

आकडेमोड

मिथेनचं विचारलंत म्हणून हिशेबच मांडते. ऐरोलीत अशाच प्रकल्पांच्या पडताळणीचं काम करते, त्यामुळे हे आकडे रोजचे आहेत.

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या) २००६च्या मार्गदर्शिकेत, सतत पाणी तुंबलेल्या भातासाठी हेक्टरी रोज १.३० किलो मिथेन हा ढोबळ आकडा आहे. पीक ११० दिवसांचं धरा. १४३ किलो झाले. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, म्हणजे साधारण चार टन. आता गंमत इथे आहे. मुरबाडचं भात पावसावरचं. खाचरात पाणी कधी राहील आणि कधी उतरेल ते पाऊस ठरवतो, मधूनमधून जमीन आपोआप उघडी पडते, म्हणून मिथेन मुळात कमी. त्याच मार्गदर्शिकेत पावसावरच्या भाताला ०.२८ने गुणतात. उरला हेक्टरी १.१ टन. पद्धत बदलून त्यातला निम्मा वाचला असं सढळ हाताने धरलं तरी एकरी पाव टनाच्या आतच.

टनाला दहा डॉलर धरू. (हा भाव मी नुसता धरला आहे, बाजारात तो कुठेही असतो.) एकरी वर्षाला दोनशे रुपयांच्या आसपास. त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा वजा. साडेचार एकरांचे मिळून हजारसुद्धा होत नाहीत.

पंजाब-हरियाणात, जिथे पंपाने पाणी भरून ठेवतात, तिथे हे गणित वेगळं दिसतं. कोकणपट्टीत ते फारसं बसत नाही.

कळवेकर

@आकडेमोड ताई, मांडवात "एकरी हजारो" असा शब्द होता! त्यात झाडांचे धरले असतील का?

आकडेमोड

धरले असतील. पण झाडांत नवी लावलेलीच मोजतात. प्रकल्पामुळे जे जास्तीचं घडलं त्याचंच क्रेडिट, जे आधीपासून होतं त्याचं नाही, हा या बाजाराचा पहिला नियम. तुमच्या आजोबांचे आंबे, ऐन, मोह यांची किंमत शून्य. ज्याने सगळं तोडून माळ मोकळा केला त्याला नव्या रोपांचे पैसे मिळतात, ज्याने राखलं त्याला नाही. (तोडून लगेच लावलं तर चालत नाही, मध्ये दहा वर्षं जावी लागतात, पण तत्त्व तेच.)

वऱ्हाडी_खारघर

हे बरं आहे. सांभाळणारा येडा.

माझं सरळ म्हणणं आहे. देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा साधारण १४ टक्के, त्यातला मोठा भाग गुराढोरांचा आणि भाताचा. आमच्या अकोल्याकडं कापूस, तूर, सोयाबीन. सोयाबीन काढायला आलं की नेमका पाऊस येते, गंजीला कोंब फुटतात. हवामान बदलाचा मार खाणारा पहिला माणूस शेतकरी, आणि कायद्यात त्याचं नाव कुठं टाकायचं तर गुन्हेगारांच्या यादीत? आधी पीकविम्याचं बघा, मग मिथेन मोजा.

चहाटळ

+१. आणि पैसे वेळेवर देणाऱ्या विमा कंपनीलाच एक ग्रीन क्रेडिट द्या, दुर्मिळ प्रजाती म्हणून.

ॲड_सावकाश

थोडं कायद्याचं बोलू. आपल्याकडे हवामान बदलाचा असा एक सर्वसमावेशक कायदा नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्यांच्या प्रकरणात, म्हणजे रणजितसिंह खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये पाहिला, आणि असा कायदा नसल्याची नोंदही केली. आहे तो सगळा तुकड्यांचा कारभार. उद्योग ऊर्जा संवर्धन कायद्याखाली, ग्रीन क्रेडिट (झाडं लावल्याबद्दल मिळणारं, कार्बन क्रेडिटहून वेगळं) १९८६च्या पर्यावरण कायद्याखाली, जंगल १९८०च्या वन कायद्याखाली आणि भरपाईच्या वनीकरणाचा (तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायचा) निधी २०१६च्या कायद्याखाली. शेतीला २०१४चं कृषिवानिकी धोरण आणि जानेवारी २०२४मध्ये कृषी मंत्रालयाने काढलेली ऐच्छिक कार्बन बाजाराची रूपरेषा. ही दोन्ही कागदपत्रं आहेत, कायदा नव्हे. त्यातून कोणी कोर्टात जाऊन काही मागू शकत नाही.

आता "विक्रेता" हा प्रकार आपण शोधलेला नाही. अमेरिकेत २००९ साली वॅक्समन-मार्की विधेयक आलं होतं. कारखाने आणि वीजकेंद्रांवर मर्यादा, शेती आणि वनं मर्यादेबाहेर, पण त्यांना क्रेडिट विकायची मुभा. तरीही शेतीपट्ट्यातले खासदार अडून बसले: हे प्रकल्प पर्यावरण खात्याने तपासायचे नाहीत, आमच्या कृषी खात्याने तपासायचे. ते मान्य झालं तेव्हा कुठे विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी निघालं. सिनेटमध्ये त्यावर मतदानच झालं नाही.

न्यूझीलंडने उलटी वाट धरून पाहिली. तिथल्या उत्सर्जनाचा जवळजवळ निम्मा भाग शेतीचा, मुख्यतः गुरं-मेंढ्यांचा. २०२२ साली सरकारने त्यावर आकारणीचा प्रस्ताव आणला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले, २०२४ साली नव्या सरकारने तो गुंडाळला. जंगल मात्र त्यांच्या उत्सर्जन व्यापार योजनेत २००८ पासून आहे. परिणाम असा की मेंढ्यांच्या कुरणांवर पाइन लावणं जास्त परवडू लागलं, गावं ओस पडू लागली, आणि मग सरकारलाच शेतजमिनीवरच्या अशा लागवडीवर बंधनं घालायची पाळी आली. डेन्मार्कने तेवढा गुरांच्या उत्सर्जनावर कर मंजूर केला आहे: २०३० पासून टनाला ३०० क्रोनर, त्यात ६० टक्के सूट.

म्हणून कळवेकर, "नावानिशी आणा" म्हणताना कोणाच्या बाजूने आणायचं ते आधी ठरवा.

चहाटळ

गाईच्या ढेकरावर कर! आमच्या लग्नांतल्या जिलबीच्या पैजा डेन्मार्कने पाहिल्या नाहीत, नाहीतर वऱ्हाडावर दर माणशी आकारणी आली असती.

वऱ्हाडी_खारघर

@चहाटळ वऱ्हाडावर म्हणजे आमच्यावर का लग्नाच्या? आधी स्पष्ट करा.

चहाटळ

जो जास्त जेवेल त्याच्यावर.

निवृत्त_वनपाल

धागा चांगला आहे म्हणून लिहितो. तीस वर्षं शहापूर, मुरबाड, जव्हार या भागांत नोकरी केली.

जंगलाचा हिशेब कसा होतो ते आधी समजून घ्या. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने मोजते. एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा आणि झाडांच्या शेंड्यांची सावली १० टक्क्यांहून जास्त, की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणतं, याला महत्त्व नाही. आंब्याची बाग, नारळाची वाडी, सगळं त्यात. २०२३च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्षाच्छादन २५.१७ टक्के दिसतं ते या मोजणीने. पॅरिसच्या वचनाचा हिशेबही याच मोजणीवर. तेव्हा वचन कोणाच्या जमिनीवर पुरं होणार, याचं उत्तर असं की बरंचसं लोकांच्या बागांवर आणि बांधांवर, त्यांना न विचारता.

राज्य सरकारच्या ३३ कोटी वृक्षलागवडीची थट्टा सगळे करतात. मी खड्डे मोजले आहेत, तेव्हा मलाही बोलता येईल. पण एक सांगतो, रोप मरतं ते लावताना नाही. मरतं दुसऱ्या उन्हाळ्यात, जेव्हा राखणदाराचा पगार थांबलेला असतो. लागवडीला पैसा मिळतो, राखणीला तो कमी पडतो. ग्रीन क्रेडिटचे पहिले नियम तसेच होते. पडीक वनजमिनीवर हेक्टरी किमान ११०० झाडं लावा, दोन वर्षांनी झाडामागे एक क्रेडिट घ्या. ऑगस्ट २०२५मध्ये ते बदलले, आता पाच वर्षं आणि ४० टक्के सावली दाखवावी लागते, आणि जगलेल्याच झाडाचं क्रेडिट. हे बरं झालं.

आता शेतकऱ्यांनाही थोडं ऐकवतो. राब भाजायला ऐनाच्या फांद्या कोण छाटतं? दर एप्रिलला डोंगर बोडके दिसतात. मी कितीदा पंचनामे केले. त्याचा कार्बन कोणी मोजत नाही.

येऊरवाली

काका, आदर ठेवून असहमत.

राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी: भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत थराथराने पसरायचं, वर माती, आणि पावसाआधी भाजायचं. तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं. या फांद्यांसाठीच भाताला लागून वरकस जमीन असायची. इंग्रजांनी ठाणे आणि कुलाब्याच्या डोंगरांना राखीव जंगल करून टहाळ तोडायला बंदी घातली तेव्हा या जिल्ह्यात एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. म्हणजे याच डोंगरांवर, याच राबावरून, एकदा कायदा करून झालेला आहे. वनखातं तेव्हाही म्हणत होतं की शेतकरी जंगल खातो. त्याच काळात जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरला साग कुठून जात होता?

मला भीती याचीच वाटते. नवा हवामान कायदा आला की त्यात राब हे "उत्सर्जन" होईल आणि घोडबंदर रोडचा टॉवर "भरपाईच्या वनीकरणासह मंजूर" होईल. येऊरच्या पायथ्याला राहते, रोज दोन्ही बघते.

मुलुंडचा_पाहुणा

घोडबंदरचा विषय निघाला, आता धाग्याचं काश्मीर. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

निवृत्त_वनपाल

@येऊरवाली, ताई, इतिहास बरोबर आहे, मी तो नाकारत नाही. पण १८८५ साली डोंगर भरलेला होता आणि माणसं थोडी होती. आज ऐनाचं झाड खांबासारखं उभं असतं, बी धरत नाही. हक्क आहे म्हणून झाड वाढतं का?

नेरळ_लोकल

राबावर उपाय आहे आणि तो आपल्याच बाजूचा आहे, कोणी काढला कसा नाही? नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेलं सगुणा भात तंत्र. कायमचे गादीवाफे करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणी झाली की मुळं जमिनीतच ठेवायची, दुसऱ्या वर्षी न नांगरता त्याच वाफ्यावर टोकणी. पाणी तुंबत नाही म्हणजे मिथेन कमी, मुळं कुजून जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, आणि लावणीला माणसं मिळत नाहीत ही आजची खरी रड, तीही सुटते. आमच्या मामांकडे एका तुकड्यावर करतात. गादीवाफ्याच्या कडेला हाताने माती उकरली की गांडुळांची विष्ठा दिसते, शेजारच्या चिखलणीच्या खाचरात नुसता घट्ट गोळा.

यात कोणाशी करार लागत नाही. मामांना क्रेडिट शब्द माहीतही नाही.

येऊरवाली

तणनाशकाचं पण सांगा ना. चिखलणी नाही म्हणजे तण येणारच, आणि त्या पद्धतीत ते मारायला फवारणी आहे. ओढ्यात काय जातं त्याचा हिशेब कार्बनवाले करत नाहीत.

नेरळ_लोकल

मान्य, फवारणी आहे. मामा आता एकच करतात, बाकी हाताने काढतात. पण लावणीच्या मजुरीशी तुलना करा, मग बोला. ओणवं राहून लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीचा हिशेब तरी कोण करतं?

आकडेमोड

दोघांचंही बरोबर, आणि म्हणूनच एकच आकडा धरून कायदा करू नये. कार्बन मोजायला घेतला की बाकी सगळं मोजायचं राहून जातं.

घणसोली_गाववाला

तुम्ही सगळे डोंगरावरच अडकलात. जरा खाडीकडे या न दादूस.

आमची पंचाण्णव गावं नवी मुंबईसाठी सिडकोत गेली. १९७०च्या आधी ठाणे खाडीच्या या काठाला भात पिकायचा, हे आज सेक्टरमध्ये राहणाऱ्याला सांगून खरं वाटत नाही. खाजण जमीन. बाहेर मातीचा बांध, त्याला उघाडी, ओहोटीला उघडायची, भरतीला लावायची. गावाने मिळून बांध राखायचा. खाऱ्या जमिनीत तगणारं भात वेगळंच असतं, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्याचे वाण काढले आहेत, ते आजही लावतात. आमच्याकडे जमिनी संपादनात गेल्या, गावकी बांधावर जायची थांबली. उधाणात बांध फुटला, पाणी आत आलं, आणि मागून तिवरं आली.

आता ती खारफुटी. २००५ साली उच्च न्यायालयाने तोडायला बंदी केली, २०१८ साली पुन्हा सांगितलं की खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, भोवती पन्नास मीटर मोकळं ठेवा. ठीक. पण ज्याच्या बापाने तिथे भात काढला, ज्याला पूर्ण मोबदला मिळालाच नाही, त्याने तिथे बांध घालायला फावडं मारलं तर तो गुन्हेगार. आणि बुलेट ट्रेनला वीसेक हजार खारफुटी तोडायची परवानगी २०२२ साली त्याच न्यायालयातून मिळते, जनहित म्हणून. कळवेकरांनी विचारलं ना कायद्यात शेतकरी कुठे बसतो? आमच्याकडे तो बाहेर उभा असतो. १९८४ला संपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासईला गोळीबार झाला तेव्हाही बाहेरच होता. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून किती वर्षं चपला झिजवल्या ते दि. बा. पाटलांच्या पिढीला विचारा.

तिवर

भावना समजते, मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला आहे. पण तिवरं जाऊन भात परत येणार नाही, तिवरं गेली की तिथे भराव येतो, आणि भरावावर काय येतं हे आपण दोघंही जाणतो. तिवरांच्या मुळांत बोय, कोळंबी, चिंबोरी वाढतात. चिखलातला कार्बन कितीतरी काळ तसाच राहतो, कारण तिथे हवा पोचत नाही. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेली, म्हणून निदान आहे तेवढी टिकली.

माझी तक्रार वेगळी आहे. २०२५ साली केंद्राच्या कार्बन योजनेत खारफुटी लागवडीची पद्धत मंजूर झाली. म्हणजे आता तिवरांचंही क्रेडिट निघेल. खाडीची जमीन वनखात्याची. क्रेडिट कोणाचं? तेल सांडलं, कारखान्याचं पाणी आलं तर जाळं आमचं रिकामं. कार्बन विकला तर पैसा कुठे?

घणसोली_गाववाला

हे मात्र बरोबर बोललास. भांडण मिटलं असं समजू नको.

व्यवस्थापक

संपादन आणि साडेबारा टक्के यांवर स्वतंत्र धागे आहेत, तिकडे लिहावे. घोडबंदर रोडवरचे व्यक्तिगत शेरे काढले आहेत.

मुलुंडचा_पाहुणा

माझा एकच शेरा होता, तोही वाहतुकीवर!

निवृत्त_वनपाल

@तिवर, वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष २०१२ साली झाला, त्यानंतर २०१७ पासून कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आहे. गावाची समिती करून खेकडापालन, कालवं, शोभेचे मासे यांना अनुदान मिळतं. सिंधुदुर्गाकडे गट चांगले चाललेत. त्यात मिळणारा पैसा हा अनुदान म्हणून येतो, कार्बनच्या उत्पन्नातला वाटा म्हणून नाही, हा तुमचा मुद्दा शिल्लक राहतोच. मी नोकरीत असतो तर वरती लिहून पाठवलं असतं. उत्तर आलं नसतं, ते सोडा.

येऊरवाली

जंगलाच्या बाबतीत उत्तर कायद्यात आधीच आहे. २००६चा वनहक्क कायदा. कलम ५ प्रमाणे जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, त्यांनी स्वतःचा बांबू स्वतः विकला. बांबू विकता येतो तर कार्बन का नाही, आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय दुसऱ्याने तो का विकावा? शहापूर-मुरबाडमध्येही सामूहिक दावे मंजूर झालेली गावं आहेत. हवामान कायदा करायचाच असेल तर त्यात एक ओळ पुरे: ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय सामूहिक वनावरचं क्रेडिट नोंदवता येणार नाही.

वऱ्हाडी_खारघर

एक ओळ लिहायला सरकारले दहा वर्षं लागतात ताई.

ॲड_सावकाश

येऊरवालींची ओळ मला आवडली, पण खाजगी सातबाऱ्याला ती लागू होत नाही, आणि कळवेकरांच्या काकांचा प्रश्न खाजगी जमिनीचा आहे. कार्बनची मालकी कोणाची हे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. जमीन माझी, झाड माझं, पण त्यात साठलेला कार्बन माझा हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणून सगळं कराराच्या शब्दांवर जातं. अशा करारांत मी जे आधी शोधतो ते सांगतो.

सातबाऱ्यावर नावं किती? आत्या, बहिणी, वारलेले चुलते, सगळ्यांची नावं असतात आणि सही एकट्या काकांची घेतात. उद्या वाटणी झाली तर पंचवीस वर्षांचं बंधन कोणाच्या हिश्शावर? जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ मुळे हस्तांतरणावर बंधन आहे, आणि भाडेपट्टासुद्धा त्यात येतो. वनहक्काचा पट्टा असेल तर तो वारसाने जातो, विकता येत नाही. मांडव घालणाऱ्यांनी हे विचारलं होतं का?

दुसरं, झाड मेलं किंवा वणव्यात गेलं तर तोटा कोणाचा. बऱ्याच करारांत शेतकऱ्याने आधी मिळालेले पैसे परत करायचे असं बारीक अक्षरांत असतं. तिसरं, वाटा एकूण विक्रीवर की "खर्च वजा जाता"? खर्च कंपनीच ठरवणार असेल तर वजा जाता काही उरत नाही. चौथं, वाद झाला तर लवाद कुठे बसणार. मी सिंगापूर लिहिलेलं पाहिलं आहे. मुरबाडहून सिंगापूरला एसटी जात नाही.

आणि साग स्वतःचा असला तरी तोडायला १९६४चा वृक्षतोड कायदा आहेच. केंद्राने जून २०२५मध्ये शेतजमिनीवरच्या झाडांसाठी आदर्श नियम काढले, पण ते राज्याने स्वीकारावे लागतात. बांबूचं तेवढं सोपं आहे. भारतीय वन अधिनियमाच्या २०१७च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू "झाड" राहिला नाही, त्यामुळे वाहतूक परवान्याची कटकट गेली.

कळवेकर

वकीलसाहेब, सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली एक आत्या इंदूरला. लवादाचं कलम पाहिलं, दिल्ली आहे. झाड मेल्यावर पैसे परत करायचं कलम आहे, चौदाव्या पानावर.

पण मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हा सगळ्यांचं वाचून मत थोडं बदललं. वनपाल काकांनी राखणीच्या पगाराचं लिहिलं ते डोक्यात बसलं. शेतकऱ्याला कर नको, क्रेडिटही नको, राखणीचा पगार द्या. झाड उभं आहे तोवर, खाचरात राब न भाजता पीक काढतो आहे तोवर, दरवर्षी ठरावीक रक्कम. पैसा कारखान्यांच्या मर्यादेतून काढा.

आकडेमोड

कल्पना चांगली. पण मोजणार कोण? आजोबांचा आंबा उभा आहे का हे बघायला दरवर्षी माणूस पाठवावा लागेल, वन सर्वेक्षणाच्या उपग्रह-मोजणीत एकटं झाड दिसत नाही. गावात शेतीशाळा असेल, कृषी सहायक जागेवर असेल, तर होईल. आमच्याकडे एका सहायकाकडे किती गावं असतात ते काकांना विचारा.

निवृत्त_वनपाल

ग्रामपंचायतीला मोजू द्या. खोटं मोजतील म्हणाल. थोडं मोजतीलही. पण ज्या गावात कोणाचं झाड कोणी तोडलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, तिथे पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त खोटं चालत नाही. उपग्रह चुकला तर त्याला कोण विचारणार?

वऱ्हाडी_खारघर

पंचवीस टक्के म्हणजे आमच्याकडच्या हिशेबानं प्रामाणिकच.

तिवर

आणि खाडीचं? तिथे ग्रामपंचायत नाही, महापालिका आहे. मोजायला नगरसेवक पाठवणार का?

घणसोली_गाववाला

नगरसेवक नको रे बाबा, तो मोजता मोजता भराव टाकेल. मच्छीमार सोसायटीला द्या. सोसायटी कोळीवाड्याकोळीवाड्यात आहे, दफ्तर आहे, सभा होते. मी लिहितो मसुदा, तू कोळीवाड्याकडून सही आण. बांधाचा मुद्दा त्यात मी घालणारच, आधीच सांगतो.

तिवर

घाल. मी खोडणार, आधीच सांगतो. रविवारी दिवाळ्याच्या जेट्टीवर ये, भरती उतरल्यावर.